52 मिमी इलेक्ट्रॉनिक बूस्ट गेज किट: डायल ठेवा, नळी बदला

बूस्ट म्हणजे टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा वातावरणापेक्षा जादा दाब, आणि बूस्ट गेज तो दाखवतं. हा रिव्ह्यू एका ब्रँडचा नाही. स्टेपर मोटरवर चालणारा 52 मिमीचा डायल, 3 बारचा प्रेशर सेन्सर, वायरिंगचा गुच्छ, मीटरभर रबरी नळी, प्लॅस्टिकचा एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि चारदोन क्लिपा असा ठरलेला संच बहुतेक कंपन्या विकतात. त्या संचाबद्दल आणि तो टर्बो गाडीत बसवण्याबद्दल हे लिहिलं आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. डायल आणि सेन्सर पैसे वसूल करतात. नळी, टी आणि क्लिपा बाजूला ठेवा आणि चांगल्या प्रतीच्या वेगळ्या घ्या. आणि किट कितीही महाग असो, दाब इंजिनवर कुठून घेतला यावरच काट्याचं खरंखोटं ठरतं.

घेण्याआधी तीन गोष्टी

पहिली गोष्ट, मेकॅनिकल की इलेक्ट्रॉनिक. मेकॅनिकल गेजमध्ये नळी थेट डायलच्या पाठीपर्यंत येते आणि आतली वाकडी पितळी नळी दाबाने सरळ होऊ पाहते, त्यावर काटा हलतो. वीज लागते ती फक्त दिव्याला. काट्याचा प्रतिसाद झटपट असतो आणि बिघडण्यासारखं आत फारसं काही नसतं. पण इंजिनचा दाब, आणि त्याबरोबर तेलाची वाफही, केबिनपर्यंत येते. किटमधली कडक नायलॉनची नळी डॅशबोर्डमागे एका वळणावर मोडते आणि एक्झॉस्टजवळून गेली तर वितळते. ती निसटली की इंजिनला व्हॅक्यूमची गळती लागते, म्हणजे तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि दोष दिसतो इंजिनात, शोधावा लागतो डॅशबोर्डमागे. इलेक्ट्रॉनिक किटमध्ये सेन्सर इंजिन बेमध्येच राहतो आणि केबिनमध्ये फक्त वायर येते. रोजच्या गाडीला हेच घ्यावं.

ओबीडी पोर्टला (गाडीचा संगणक तपासायच्या सॉकेटला) लागणारे डिस्प्ले हा तिसरा पर्याय. ना नळी, ना फोडाफोड. मात्र ओबीडीवर मॅनिफोल्डचा (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या भागाचा) दाब एका बाइटमध्ये येतो, म्हणजे 0 ते 255 किलोपास्कल एवढाच, आणि तोही निरपेक्ष दाब, म्हणजे पूर्ण निर्वातापासून मोजलेला. वातावरणाचे साधारण 100 वजा केले की दीड बारच्या थोडं वर बूस्ट गेला की आकडा तिथेच अडकतो. शिवाय ईसीयूकडे (इंजिनच्या संगणकाकडे) एका वेळी बऱ्याच गोष्टी विचारल्या की आकडा सेकंदाला दोनचारदाच बदलतो आणि बूस्टचा क्षणिक उसळता टोकाचा आकडा हुकतो. मुख्य गेज म्हणून तो तोकडा पडतो. नवं गेज बरोबर दाखवतंय की नाही हे ताडून पाहायला मात्र त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

दुसरी गोष्ट, डायलचं माप. कंपनीच्या स्थितीतल्या टर्बो पेट्रोल गाडीचा बूस्ट बहुतेकदा अर्धा ते सव्वा बारच्या आसपास असतो. उणे 1 ते अधिक 2 बारचा डायल तिला पुरतो. 3 किंवा 4 बारचा डायल घेतला तर सगळी हालचाल अर्ध्या पट्टीत दाटते आणि 0.1 बारचा फरक डोळ्याला कळत नाही, आणि नेमका तोच फरक पाहायला तर गेज लावतो. तुमच्या गाडीचा कमाल बूस्ट पट्टीच्या दोन-तृतीयांशावर येईल असा डायल निवडा. डिझेलला हवा अडवणारा थ्रॉटल मुळात लागत नाही, त्यामुळे आयडलवर (पेडल न दाबता इंजिन चालू असताना) मॅनिफोल्डमध्ये म्हणावा असा व्हॅक्यूम तयार होत नाही. व्हॅक्यूमची पट्टी असलेला डायल डिझेलवर लावला तर एक-तृतीयांश डायल कायम निकामी राहतो. डिझेलसाठी 0 पासून सुरू होणारा घ्या.

तिसरी, एकक. 1 बार म्हणजे 14.5 पीएसआय. किलो प्रति चौरस सेंटिमीटर हे बारपेक्षा किंचित लहान, 0.98 बार. काही डायलवर बूस्ट पीएसआयमध्ये आणि व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचात असतो. पूर्ण 1 बार व्हॅक्यूम म्हणजे साडेएकोणतीस इंच. त्यात गैर काही नाही, पण दुसऱ्याच्या गाडीशी तुलना करताना आधी एकक विचारा.

डबा उघडल्यावर

डायल: सुरू होताना काटा एक फेरी मारतो, मग शून्यावर येतो. स्टेपर मोटरच्या डायलमध्ये काट्याची थरथर नसते, आकडे रात्रीही स्वच्छ दिसतात. कमाल आकडा लक्षात ठेवणारं बटण असेल तर थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही, कारण पूर्ण थ्रॉटलला नजर रस्त्यावरच हवी. धोक्याच्या आकड्याला वाजणारा बझर हाही खरा उपयोगाचा.

सेन्सर: बहुतेक तीन वायरींचा असतो, 5 व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. "3 बार" लिहिलंय म्हणून 3 बार बूस्ट मोजेल असं समजू नका. निरपेक्ष 3 बार म्हणजे वातावरणाचा एक बार धरून. बूस्ट मोजला जातो 2 बारपर्यंत. 0 ते 3 बारला 0.5 ते 4.5 व्होल्ट देणारा सेन्सर असेल तर इंजिन बंद असताना समुद्रसपाटीजवळ सिग्नल वायरीवर सुमारे 1.83 व्होल्ट मिळतात, आणि 1 बार बूस्टला सुमारे 3.17. हे दोन आकडे मल्टिमीटरजवळ चिकटवून ठेवा. काटा चुकतोय की सेन्सर, हे पाच मिनिटांत कळतं.

सेन्सरचे आटे बहुधा 1/8 एनपीटी (अमेरिकन मापाचे) असतात. बाजारातले बरेच निपल (नळी चढवायच्या तोट्या) 1/8 बीएसपीचे (ब्रिटिश मापाचे) असतात. हातात घेऊन पाहिलं तर दोन्ही सारखेच दिसतात, पण एकाला इंचात 27 आटे आणि दुसऱ्याला 28, कोनही 60 आणि 55 अंश असा वेगळा. दोनतीन फेरे गोडीत बसतात, मग आवळलं की आटे खातात आणि गळती सुरू होते. हाताने चार फेरे सहज गेले नाहीत तर पाना लावू नका.

नळी: इथे कंपन्या पैसे वाचवतात. भिंत पातळ असते. बूस्टमध्ये ती टिकते, पण गरम झाल्यावर वळणावर व्हॅक्यूमने चपटी होते आणि काटा रेंगाळायला लागतो. 4 मिमी आतल्या व्यासाची, किमान 2 मिमी जाड भिंतीची व्हॅक्यूम नळी घ्या. सिलिकॉनची चालते, उष्णता छान सोसते; मात्र इंधनाच्या वाफेपुढे आणि तेलापुढे सिलिकॉन कमजोर, आणि धारदार कडेला घासली की पटकन चिरते.

टी आणि क्लिपा: प्लॅस्टिकचा टी उन्हाळ्यापावसाळ्यात इंजिनच्या उष्णतेने ठिसूळ होतो आणि नळी काढताना मानेत तुटतो. पितळी टी घ्या, किंमत नगण्य आहे. किटमधल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांऐवजी नळीच्या बाहेरच्या व्यासाला जुळणाऱ्या स्प्रिंग क्लिपा लावा. स्क्रूच्या मोठ्या क्लिपा एवढ्या बारीक नळीला नकोत. त्या गोल आवळत नाहीत आणि स्क्रूच्या बाजूला फट राहते.

दाब कुठून घ्यायचा

पेट्रोल गाडीत दाब थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डमधूनच घ्यायचा. थ्रॉटलच्या आधीच्या पाइपातून घेतला तर व्हॅक्यूम दिसतच नाही, आणि अर्ध्या थ्रॉटलला गेज मॅनिफोल्डपेक्षा जास्त दाखवतं, कारण टर्बोने दाबलेली हवा थ्रॉटलपाशी अडलेली असते. डिझेलमध्ये मात्र इंटरकूलरनंतरचा (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या भागानंतरचा) पाइप चालतो.

हाताशी सहज येणाऱ्या नळ्या बऱ्याच असतात आणि त्यातल्या निम्म्या चुकीच्या असतात.

फ्यूएल प्रेशर रेग्युलेटरची नळी सगळ्यात सोपी दिसते, आणि तीच सगळ्यात धोक्याची. रेग्युलेटर मॅनिफोल्डच्या दाबानुसार इंधनाचा दाब वाढवतो. टीपाशी गळती झाली की त्याला बूस्ट कमी भासतो, इंधनाचा दाब पुरेसा वाढत नाही, आणि पूर्ण भारावर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. टर्बो पेट्रोल इंजिनचे पिस्टन याच परिस्थितीत जातात. तिला हात लावू नका.

ब्रेक बूस्टरची जाड नळी तर नकोच. तिच्यात एकमार्गी व्हॉल्व्ह असतो. त्याच्या पलीकडे टी लावला तर काटा जुना व्हॅक्यूम धरून बसतो, आणि अलीकडे लावला तर आकडा बरोबर येतो पण गळती झाल्यास ब्रेकची मदत कमी होते. एका आकड्यासाठी ब्रेकशी सौदा होत नाही.

वेस्टगेटची (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या टर्बोच्या झडपेची) नळी कॉम्प्रेसरकडून येते आणि बूस्ट कंट्रोल सोलेनॉइड तिच्यातला दाब मुद्दाम सोडत असतो. तिथे खऱ्यापेक्षा कमी आकडा दिसतो. टाकीची वाफ ओढणाऱ्या पर्ज लाइनवर सोलेनॉइड आणि एकमार्गी व्हॉल्व्ह असतात, तिथला आकडा कधी खरा, कधी नाही.

उरतात तीन जागा. मॅनिफोल्डवर टोपी घालून बंद केलेला रिकामा निपल असेल तर तोच घ्या, काहीही कापावं लागत नाही. नसेल तर मॅप सेन्सरकडे (मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या गाडीच्या मूळ सेन्सरकडे) जाणारी नळी पाहा. ईसीयू ज्या दाबावर विश्वास ठेवतो तोच दाब गेजला मिळतो, पण तिथली गळती ईसीयूलाही फसवते, म्हणून काम निगुतीने करायला हवं. ब्लो-ऑफ किंवा डायव्हर्टर व्हॉल्व्हची (थ्रॉटल मिटला की जादा दाब सोडणाऱ्या झडपेची) संदर्भ-नळी ही दुसऱ्या पसंतीची. मध्ये सोलेनॉइड नाही याची खात्री करून मॅनिफोल्डच्या टोकाजवळ टी लावा.

आताच्या बऱ्याच गाड्यांत मॅप सेन्सर दोन स्क्रूंनी थेट मॅनिफोल्डवर बसलेला असतो, नळीच नसते. त्यासाठी सेन्सर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये बसणारी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी मिळते, बाजूला निपल असलेली. किटमध्ये ती नसते, गाडीच्या मॉडेलप्रमाणे वेगळी घ्यावी लागते. दोन्ही बाजूंना ओ-रिंग नीट बसली पाहिजे, स्क्रू लांब लागतात, आणि ते प्लॅस्टिकमध्ये जात असल्याने मनगटाच्या जोरापेक्षा जास्त आवळायचे नाहीत. सेन्सरमध्ये तापमानाचा घटकही असेल तर त्याचं टोक पट्टीच्या जाडीएवढं हवेच्या झोतातून वर उचललं जातं. पट्टी जितकी पातळ तितकी चांगली.

मॅनिफोल्ड गाडीवर असताना त्याला भोक पाडू नका. ग्रीस लावलेल्या ड्रिलनेही चुरा आत जातोच, आणि तो जातो सिलिंडरमध्ये.

गाडी वॉरंटीत असेल तर मूळ नळी कापण्यापेक्षा त्याच मापाचा तुकडा वेगळा घेऊन त्यात टी बसवा. मूळ नळी पिशवीत घालून ठेवा. दहा मिनिटांत गाडी होती तशी करता येते.

बसवणी

इंजिन थंड असू द्या. 10 च्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह काढा. काही गाड्यांत नंतर खिडक्यांचं वन-टच पुन्हा शिकवावं लागतं, तेवढी तयारी ठेवा.

नळी नव्या ब्लेडने काटकोनात कापा. पक्कडीने कापली तर तोंड लंबगोल होतं आणि टीवर एका बाजूने गळतं. मूळ नळी टीच्या सरळ बाजूंना आणि गेजची नळी आडव्या फाट्याला. टीचा व्यास नळीच्या आतल्या व्यासापेक्षा किंचित मोठा हवा. सहज सरकून बसला म्हणजे तो चुकीचा आहे. कडक नायलॉनच्या मूळ नळीत टी कोंबू नका, ती फाटते. तिच्या टोकाला जिथे रबरी जोड असतो तिथे काम करा.

टीपासून गेजकडे निघणाऱ्या फाट्यात लगेच 0.8 ते 1 मिमी भोकाचा रिस्ट्रिक्टर घाला. आयडलवर प्रत्येक सिलिंडर हवा ओढतो तेव्हा दाबाचे हेलकावे येतात. रिस्ट्रिक्टर ते जिरवतो आणि काटा स्थिर राहतो. दुसरा फायदा त्याहून मोठा: पुढे कुठे नळी निसटलीच तर इंजिनला लागणारी गळती एका मिलिमीटरच्या भोकाएवढीच राहते. हा सुटा भाग किटमध्ये द्यायला हवा होता.

सेन्सर इंजिनवर बसवायचा नाही. कंपन आणि उष्णता दोन्ही त्याला मारतात. फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) किंवा आतल्या फेंडरवर, टीपेक्षा उंच आणि निपल खाली तोंड करून बसवा, म्हणजे नळीत जमणारं तेल आणि पाणी परत मॅनिफोल्डकडे उतरतं. निपल वर ठेवून बसवलेला सेन्सर काही महिन्यांत तेलाने भरतो आणि काटा आळसावतो. नळी अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. वायर हवी तेवढी लांब चालते, नळी नाही.

फायरवॉलमधून वायर नेताना आधीचं रबरी ग्रोमेट (वायरी जाण्यासाठी भोकात बसवलेलं रबर) शोधा. क्लचचं किंवा मुख्य हार्नेसचं (वायरींच्या गुच्छाचं) सापडतंच. त्याला बारीक चीर देऊन कडक तारेला वायर चिकटवून ओढा, तार हार्नेसमध्ये घुसवू नका. नवं भोक पाडायची वेळ आलीच तर पलीकडे काय आहे हे दोन्ही बाजूंनी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ड्रिल सुरू करू नका. ब्रेकच्या नळ्या आणि एसीचे पाइप तिथूनच जातात. वायर खाली एक झोका देऊन मग भोकात न्या, म्हणजे पाणी आत न येता झोक्यावरून गळतं.

डायल कुठे लावायचा यात एक गोष्ट ठाम. ए-पिलरवरचे (समोरच्या काचेशेजारच्या खांबावरचे) पॉड, म्हणजे डायल धरणारे साचे, दिसायला सगळ्यात सुंदर, पण गाडीला कर्टन एअरबॅग असेल तर तिथे पॉड लावू नका. एअरबॅग त्या खांबावरच्या पट्टीमागून उघडते, पॉडचं प्लॅस्टिक डोक्याच्या दिशेने फेकलं जाऊ शकतं, आणि पट्टी स्क्रूने जखडली तर एअरबॅग नीट उघडणारच नाही. पट्टीवर एअरबॅगची खूण असते, ती पाहा. स्टिअरिंग कॉलमवरचा किंवा एसीच्या जाळीत बसणारा पॉड घ्या. पिवळ्या कनेक्टरची कुठलीही वायर दिसली तर ती एअरबॅगची समजा आणि दूर राहा.

वायरिंग

गेजला अर्धा अँपिअरही लागत नाही. 0.5 चौरस मिमीची वायर, 2 किंवा 3 अँपिअरचा फ्यूज, विषय संपला. वीज फ्यूज टॅपने (फ्यूजच्या जागी बसून वेगळी लाइन काढून देणाऱ्या जोडाने) घ्या. मिनी, लो-प्रोफाइल मिनी आणि मायक्रो हे वेगवेगळे आकार आहेत, मूळ फ्यूज काढून जुळवूनच टॅप घ्या. फ्यूज काढल्यावर कोणत्या पायावर वीज राहते ते मल्टिमीटरने पाहा. टॅपचा पुरवठ्याचा पाय तिकडेच हवा. उलटा लागला तरी गेज चालतं, पण त्याचा करंटही मूळ फ्यूजमधून जातो. एअरबॅग, एबीएस आणि ईसीयूचे फ्यूज वापरू नका. वायपर किंवा सॉकेटचा ठीक. अ‍ॅक्सेसरी लाइन स्टार्टर फिरताना बंद पडते, त्यामुळे काटा दोनदा फेरी मारतो. त्यात बिघाड काही नाही, पण नको असेल तर इग्निशन लाइन घ्या.

सेन्सरची अर्थ गेजच्या हार्नेसमधूनच परत जाऊ द्या, बॉडीला जोडू नका. ती बॉडीला जोडली की हेडलाइट किंवा रेडिएटर पंखा लागताच काटा 0.05 बारने सरकतो आणि माणूस टर्बोत दोष शोधत बसतो.

रात्रीच्या मंद प्रकाशाची वायर ही नव्या गाड्यांतली डोकेदुखी आहे. डॅशबोर्डचे दिवे आता वीज झपाट्याने चालू-बंद करून मंद केले जातात. तिथे जोडलं की डायल लुकलुकतो. मल्टिमीटरवर दिवे मंद करताना 12 व्होल्ट 7-8 वर येत असतील तर बहुधा हीच पद्धत असते, आणि ही वायर न जोडता डायलच्या बटणानेच प्रकाश कमी करा. वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे कागद वाचा.

पडताळणी

टीकडची नळी सोडवून, हातपंपाने गेजच्या बाजूला उणे 0.6 बार द्या. एक मिनिट काटा हलता कामा नये. मग नळी जोडा. इग्निशन चालू, इंजिन बंद: काटा शून्यावर. गरम इंजिन, एसी बंद, आयडल: पेट्रोल गाडीत उणे 0.6 ते 0.7 बारच्या आसपास. 1500 मीटर उंचीवर वातावरणच सुमारे 0.85 बार असतं, तिथे हाच काटा उणे 0.5 वर दिसेल, इंजिन ठणठणीत असूनही.

काम सुरू करण्याआधीच गरम आयडलवरचा लाँग टर्म फ्यूएल ट्रिम (ईसीयू इंधनाच्या मापात कायम करत असलेली दुरुस्ती, टक्क्यांत) ओबीडीवर पाहून लिहून ठेवा. एअरफ्लो सेन्सर असलेल्या इंजिनात टीपाशी गळती असेल तर न मोजलेली हवा आत येते आणि ट्रिम अधिककडे सरकतो. चारपाच दिवसांत 5 टक्क्यांहून जास्त सरकला तर गेजकडे नव्हे, टीकडे बघा. फेस येणारं साबणाचं पाणी नळीत दाब देऊन शोधायला पुरतं. गरम इंजिनवर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारून गळती शोधण्याची सवय आगीला आमंत्रण आहे.

मग रस्ता मोकळा असताना तिसऱ्या गिअरमध्ये 2000 आरपीएमपासून पूर्ण थ्रॉटल द्या आणि कमाल आकडा ओबीडीशी ताडा. ओबीडीच्या निरपेक्ष आकड्यातून त्या दिवसाचा वातावरणाचा दाब वजा करा, सरळ 100 नाही. 0.05 बारचा फरक मान्य. 0.15 चा फरक असेल तर बहुधा डायलमध्ये दुसऱ्याच मापाचा सेन्सर निवडलेला असतो किंवा दाब चुकीच्या नळीतून घेतलेला असतो.

पहिल्या आठवड्यातले आकडे वहीत टिपून ठेवा: गिअर, आरपीएम, हवेचं तापमान, कमाल बूस्ट. पुढे कधी कमाल 0.2 ने घसरला आणि सोबत फुसफुस ऐकू आली तर इंटरकूलरच्या होजचा जोड आधी तपासा. आरपीएम वाढेल तसा बूस्ट ठरलेल्या आकड्याच्या वर चढत राहिला तर वेस्टगेट पुरेसं उघडत नाही, पाय काढा. आयडलवर काटा ठरावीक तालात झटके देत असेल तर एखादा सिलिंडर नीट काम करत नाही. रिस्ट्रिक्टर असूनही हे झटके दिसतात. पहिले 500 किलोमीटर झाले की बॉनेट उघडून प्रत्येक क्लिप एकदा हाताने फिरवून पाहा. नवी नळी उष्णतेने थोडी दबते आणि पहिली ढिलाई तिथेच येते.